नागपूरचा कायदेशिक्षक आणि सत्तेची मर्यादा

जबलपूरला बदलीवर गेलेला मराठी अधिकारी पहिल्या महिन्याभरातच कुटुंबाला घेऊन भेडाघाटला जाऊन येतो. धुवांधारला कोसळणारी नर्मदा पुढे संगमरवरी कड्यांच्या चिंचोळ्या वाटेत शिरते आणि तेथे तिचा सारा आवेग निवतो. नावेतून कडे पाहायचे, चौसष्ट योगिनींच्या मंदिराच्या पायऱ्या चढायच्या आणि सायंकाळी शहरात परतायचे, हा ठरलेला क्रम. शहरातील उच्च न्यायालयाच्या इमारतीपाशी मात्र सहसा कोणी थांबत नाही. वास्तविक देशाच्या घटनात्मक इतिहासात जबलपूरचे नाव कोरले गेले ते याच न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणामुळे. अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असे १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्यात ठरवले, तो हा निकाल.

त्या निकालाच्या वीस वर्षे आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, जबलपूरच्या या न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती म्हणून एका गृहस्थांनी सूत्रे हाती घेतली. ते नागपुरात वकिली करून, तेथील विद्यार्थ्यांना कायदा शिकवून आणि तेथेच न्यायासनावर बसून आलेले होते. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले, दोनदा राष्ट्रपतिपदाची कार्ये त्यांनी सांभाळली आणि उपराष्ट्रपतिपदही भूषविले. मोहम्मद हिदायतुल्ला हे त्यांचे नाव. पदांची ही मोठी यादी पाठ असलेले पुष्कळ भेटतात. परंतु हिदायतुल्लांनी आयुष्यभर जो एक धडा गिरवला आणि जो १९७६ मध्ये विसरला गेला, त्याकडे क्वचितच लक्ष जाते. हा धडा प्रामुख्याने आदेशांवर सही करणाऱ्यांसाठी आहे; म्हणून राजधानीतील मराठी अधिकारीवर्गाने तो समजून घेणे अगत्याचे आहे.

नागपूरची जडणघडण

हिदायतुल्लांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ चा. वडील हाफिज मोहम्मद विलायतुल्ला हे मध्य प्रांताच्या शासकीय सेवेतील अधिकारी आणि उर्दूतील कवी. घरात एकीकडे सरकारी कागदाची शिस्त आणि दुसरीकडे शब्दांची पारख, असे दुहेरी वळण मुलाला मिळाले. रायपूरच्या सरकारी शाळेतून १९२२ मध्ये शालान्त परीक्षा आणि त्यानंतर नागपूरचे मॉरिस महाविद्यालय, असा त्यांचा शिक्षणक्रम झाला. पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी साहित्य आणि कायदा यांचा अभ्यास केला. १९३० मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन ते परतले आणि नागपुरातच वकिली सुरू केली. त्या वेळी नागपूरला उच्च न्यायालय नव्हते. न्यायिक आयुक्तांचे न्यायालय होते. उच्च न्यायालय आले ते १९३६ मध्ये.

त्याच सुमारास, १९३५ पासून, नागपूरच्या विधी महाविद्यालयात ते अध्यापन करू लागले आणि १९४३ पर्यंत करीत राहिले. पुढे न्यायमूर्ती असतानाही, १९४९ ते १९५३ या काळात, नागपूर विद्यापीठाच्या विधी शाखेचे अधिष्ठातापद त्यांच्याकडे होते. अध्यापनाचा आरंभ आणि १९३५ चा भारत सरकार कायदा हे दोन्ही एकाच वर्षीचे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रांतिक स्वायत्तता, राज्यपालांचे विशेषाधिकार, मंत्रिमंडळाची जबाबदारी हे विषय तेव्हा केवळ पुस्तकात राहिले नव्हते. जुलै १९३८ मध्ये मध्य प्रांताचे पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे यांनी राजीनामा दिला. महाकोशलातील तीन मंत्र्यांनी राजीनामे देण्यास नकार दिला आणि राज्यपालांनी त्यांना बडतर्फ केले. मराठी आणि हिंदी भागांतील चुरस, काँग्रेसश्रेष्ठींचा रोष आणि राज्यपालांचा अधिकार असा तिहेरी पेच नागपूरच्या डोळ्यांदेखत उभा राहिला. त्या शहरात कायदा शिकवणाऱ्या तरुण अध्यापकाला घटना म्हणजे काय, हे समजावून सांगण्यासाठी उदाहरणे विलायतेतून आणावी लागली नसतील.

डिसेंबर १९४२ मध्ये ते सरकारी वकील झाले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता. हा काळ सरकारची बाजू मांडणाऱ्यासाठी सुखाचा नव्हता. बेचाळीसच्या आंदोलनानंतर आष्टी-चिमूरच्या खटल्यांनी प्रांत ढवळून निघाला होता आणि भारत संरक्षण नियमांखाली देशभर हजारो माणसे स्थानबद्ध होती. मुंबई इलाख्यातील केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल न्यायालयाने एप्रिल १९४३ मध्ये स्थानबद्धतेचा नियमच मूळ कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याचे ठरवले आणि सरकारला घाईने अध्यादेश काढून डागडुजी करावी लागली. स्थानबद्धतेचा आदेश कसा लिहिला जातो, त्यात कोणत्या कोऱ्या जागा भरल्या जातात आणि त्यांपैकी किती विचारपूर्वक भरल्या जातात, हे सरकारी वकिलाइतके जवळून दुसरे कोणी पाहत नाही. पुढच्या हिदायतुल्लांना समजून घ्यायचे तर ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही. ते सरकारचे विरोधक कधीच नव्हते. सरकार आतून कसे चालते, हे ठाऊक असलेले ते न्यायाधीश होते.

१९४६ मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९४८ मध्ये पुष्पा शहा यांच्याशी त्यांनी विवाह केला. फाळणीच्या जखमा ओल्या असतानाचा हा आंतरधर्मीय विवाह होता. ३ डिसेंबर १९५४ रोजी, वयाची पन्नाशी गाठण्याआधीच, ते नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती झाले.

राजधानी गेली, न्यायालयही गेले

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेची आठवण विदर्भातील जुन्या नोकरदार घराण्यांत अजून निघते. मराठी भाषक आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि राजधानीवर हक्क सांगणाऱ्या जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले. राज्यपुनर्रचना कायद्याने जुन्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय हेच नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय मानले. म्हणजे कायद्याच्या भाषेत नागपूरचे न्यायालय बरखास्त झालेच नाही. ते जबलपूरला गेले. नागपुरात मागे राहिले ते मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ.

त्या स्थलांतरात कितीतरी मराठी कारकून, लघुलेखक, पेशकार आणि अधिकारी सामानसुमान बांधून जबलपूर, भोपाळ, इंदूरकडे गेले. चार निरनिराळ्या प्रदेशांचे सेवावर्ग एकत्र आले, तेव्हा सेवाज्येष्ठतेच्या याद्यांवरून वर्षानुवर्षे वाद चालले. पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ ने बदली झालेल्या नोकरवर्गाला एक आश्वासन दिले होते. केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय त्यांच्या सेवाशर्ती त्यांच्या तोट्याच्या होतील अशा रीतीने बदलता येणार नाहीत, असे ते आश्वासन. पूर्वसंमती या एका शब्दावर पुढे अनेकांचे निवृत्तिवेतन अवलंबून राहिले.

हिदायतुल्ला याच प्रवाहाबरोबर जबलपूरला आले. पहिल्याच दिवशीच्या आदेशाने त्यांनी इंदूर व ग्वाल्हेर येथे न्यायालयाची तात्पुरती पीठे बसवली. मध्य भारतातील पक्षकारांना जबलपूरपर्यंतचा दूरचा प्रवास पडू नये, असा त्याचा परिणाम झाला. सुमारे दोन वर्षांत निरनिराळ्या परंपरांतून आलेली न्यायालये एका शिस्तीत बसवून डिसेंबर १९५८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

एका शब्दाचा फरक

सर्वोच्च न्यायालयातील त्यांच्या बारा वर्षांतून एकच प्रकरण निवडायचे झाले, तर ते डॉ. राममनोहर लोहियांचे निवडावे. ऑगस्ट १९६५. चीन युद्धाच्या वेळी, १९६२ मध्ये, जाहीर झालेली आणीबाणी अजून उठलेली नव्हती. पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी भारत संरक्षण नियमांखाली लोहियांना स्थानबद्ध केले. नियमाने अधिकार दिला होता तो सार्वजनिक सुव्यवस्थेला बाध येईल असे वर्तन रोखण्यासाठी. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशात मात्र सार्वजनिक सुरक्षिततेच्या जोडीला शब्द पडले होते ते कायदा व सुव्यवस्था राखण्याचे. रोजच्या बोलण्यात हे दोन्ही शब्दप्रयोग आपण एकाच अर्थाने वापरतो. सरकारचीही भूमिका साधारण तशीच होती.

हिदायतुल्लांनी येथे वर्गात फळ्यावर काढावी तशी आकृती काढली. एकात एक अशी तीन वर्तुळे कल्पावीत, अशी त्यांची मांडणी होती. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि सर्वांत लहान राज्याच्या सुरक्षिततेचे. दोन दारुड्यांची मारामारी कायदा व सुव्यवस्थेचा भंग करते. पण त्यामुळे साऱ्या समाजाची घडी विस्कटतेच असे नाही. अधिकार आतल्या वर्तुळापुरता असेल, तर बाहेरच्या वर्तुळाचे कारण देऊन माणसाला खटल्यावाचून डांबता येत नाही. ७ सप्टेंबर १९६५ रोजी, सीमेवर युद्ध चालू असताना, चार विरुद्ध एक अशा बहुमताने लोहियांची सुटका झाली.

राष्ट्रपतींच्या आदेशाने मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट त्या काळात रोखलेली होती. तरीही याचिका टिकली, कारण तो आदेश सशर्त होता. नियमांखाली झालेल्या स्थानबद्धतेपुरताच तो लागू होता. नियमात न बसणारी स्थानबद्धता ही नियमाखालची स्थानबद्धताच नव्हे, मग आदेशाचा अडसर तिला कसा लागणार, असा सरळ युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला. आजही प्रत्येक जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्त स्थानबद्धतेचा आदेश काढताना सार्वजनिक सुव्यवस्था हा शब्द जपून लिहितो. त्यामागे हीच तीन वर्तुळे आहेत. हिदायतुल्लांच्या दृष्टीने शब्दांची ही काटेकोर पारख तांत्रिक नव्हती. कायद्याने दिलेला अधिकार शब्दांनीच दिलेला असतो. शब्द ओलांडला की अधिकारी आणि सामान्य बळजोर यांत भेद उरत नाही, असा या निकालाचा मथितार्थ आहे.

विशेष म्हणजे लोहियांच्या बाजूने कौल देणाऱ्या चार न्यायमूर्तींत जनार्दन रघुनाथ मुधोळकर हेही होते. मुधोळकर वऱ्हाडातले आणि नागपूरच्या न्यायालयीन वर्तुळातून आलेले. या दोघा नागपूरकरांनी वर्षभर आधी आणखी मोठ्या प्रश्नाला हात घातला होता.

घटनादुरुस्तीला हद्द असते काय?

ऑक्टोबर १९६४ मध्ये सज्जनसिंग प्रकरणाचा निकाल लागला. सतराव्या घटनादुरुस्तीला आव्हान दिले गेले होते आणि सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या नेतृत्वाखालील घटनापीठाने ती वैध ठरवली. निष्कर्षाशी सहमत होऊनही हिदायतुल्ला आणि मुधोळकर यांनी स्वतंत्र निकालपत्रे लिहून शंका नोंदवल्या. संसदेतील विशेष बहुमताच्या मर्जीवर मूलभूत हक्क सोडून देता येतील काय, ही हिदायतुल्लांची शंका होती. घटनेला काही मूलभूत लक्षणे आहेत आणि ती बदलणे ही दुरुस्ती ठरेल की नवी घटना लिहिणे, असा मुधोळकरांचा प्रश्न होता. पुढे देशभर गाजलेल्या मूलभूत चौकटीच्या सिद्धान्ताचे बीज अनेक अभ्यासक मुधोळकरांच्या या प्रश्नात पाहतात.

याच वेळी हा विचार दुसऱ्या बाजूनेही भारतात येत होता. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतील जर्मन घटनातज्ज्ञ डिटर कॉनराड यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान दिले. दुरुस्तीच्या अधिकारात गर्भित मर्यादा असतात, हा त्यांचा विषय होता. त्यांच्या देशाने ही गोष्ट फार महाग किंमत देऊन शिकली होती. वायमार घटनेतील आणीबाणीच्या कलमाचा सैल वापर झाला, १९३३ मध्ये संसदेने दोनतृतीयांश बहुमताने आपलेच अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाला बहाल केले आणि घटना औपचारिकपणे जिवंत असतानाच तिचा प्राण गेला. म्हणून १९४९ च्या जर्मन मूलभूत कायद्याने काही तत्त्वांना दुरुस्ती करताच येणार नाही, असे कलम ७९ मध्ये लिहून ठेवले. भारतीय घटनेत तसे कलम नाही. मग तशी मर्यादा गर्भित आहे असे मानावे काय, हा प्रश्न कॉनराड यांनी भारतीय वकिलांपुढे ठेवला. ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांनी तो सर्वोच्च न्यायालयात गोलकनाथ प्रकरणात मांडला.

गोलकनाथचा निकाल २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सहा विरुद्ध पाच असा लागला. सरन्यायाधीश सुब्बाराव आणि त्यांच्याशी सहमत चार न्यायमूर्ती एका बाजूला, पाच न्यायमूर्ती दुसऱ्या बाजूला. सहावे मत हिदायतुल्लांचे होते आणि त्यांनी ते स्वतंत्र निकालपत्रातून दिले. म्हणजे मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती संसदेला करता येणार नाही, हा नियम त्या दिवशी त्यांच्या एका मतावर तोलला गेला. सुब्बाराव यांनी हा निर्णय पुढील काळापुरताच लागू करण्याची युक्ती योजली होती. हिदायतुल्लांनी ती स्वीकारली नाही. जुन्या दुरुस्त्या देशाने इतकी वर्षे मान्य केल्या आहेत, म्हणून त्या आता उकरून काढू नयेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या प्रकरणात घालणे हीच मुळात चूक झाली, असेही त्यांनी नमूद केले. जमीनदारांच्या बाजूचा निकाल अशी गोलकनाथवर टीका झाली. परंतु हिदायतुल्लांची चिंता जमिनीची नव्हती, हे यावरून दिसते. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, तेव्हा त्यांचे हे मत संसदेनेही एका अर्थी मान्य केले.

एकटे पडण्याची तयारी

गोलकनाथच्या वर्षभर आधी, मार्च १९६६ मध्ये, नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे ते एकटे पडले होते. प्रकरण मुंबईचे. ब्लिट्झ साप्ताहिकाविरुद्धच्या बदनामीच्या दाव्यात एका साक्षीदाराने आपल्या साक्षीला प्रसिद्धी मिळाल्यास धंद्याचे नुकसान होईल, अशी विनंती केली आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तारकुंडे यांनी तोंडी आदेशाने ती साक्ष छापण्यास मनाई केली. ब्लिट्झचे वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर व इतरांनी या मनाईला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयाच्या आदेशाने मूलभूत हक्कांचा भंग होऊ शकत नाही, असे बहुमताने ठरवले. न्यायाधीशही राज्यसत्तेचाच एक हात असू शकतो, त्याचाही आदेश नागरिकाच्या हक्कावर घाला घालू शकतो, अशी भूमिका घेऊन हिदायतुल्लांनी एकट्याने भिन्नमत नोंदवले. मर्यादेचा नियम आपल्या स्वतःच्या व्यवसायालाही लावण्याचे हे धैर्य विरळा होय.

तथापि त्यांना उदारमतवादाचा पुतळा करण्याचे कारण नाही. १९६४ मध्ये मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम करताना त्यांनी इंग्लंडमधील व्हिक्टोरियन काळाची अश्लीलतेची कसोटी उचलून धरली. लॉरेन्सची एक कादंबरी विकणे हा त्या विक्रेत्याचा अपराध. साहित्य शिकलेल्या न्यायाधीशाकडून अधिक मोकळ्या दृष्टीची अपेक्षा होती, ही टीका रास्तच आहे. ती कसोटी सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिली ती २०१४ मध्ये. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या माहितीपटाच्या प्रकरणात, १९७० मध्ये, त्यांनी चित्रपटांचे पूर्वपरीक्षण वैध ठरवले. मात्र त्याचे निकष अधिक स्पष्ट असावेत, असेही सुचवले. हक्कांवर बंधन घालण्याला त्यांची हरकत नव्हती. बंधन कोणी, कोणत्या शब्दांत आणि कोणत्या अधिकाराने घातले, हे तपासल्यावाचून ते पुढे जात नसत.

२५ फेब्रुवारी १९६८ रोजी ते सरन्यायाधीश झाले. प्रशासकीय कायद्याच्या दृष्टीने त्यांची ही अडीच-पावणेतीन वर्षे फलदायी ठरली. मध्य प्रदेशातील तंबाखू व्यापाऱ्यांनी बेकायदा करवसुलीविरुद्ध लावलेल्या दाव्यांत, धुलाभाई प्रकरणात, दिवाणी न्यायालयाचे दार कोणत्या परिस्थितीत बंद होते आणि कोणत्या परिस्थितीत होत नाही, याची सात सूत्रे त्यांनी घालून दिली. सरकारी आदेश अंतिम राहील, एवढे कायद्यात लिहिल्याने नागरिकाची वाट आपोआप बंद होत नाही. त्या कायद्याने दाद मागण्याची पुरेशी सोय केली आहे की नाही, हे पाहावे लागते, हा त्या सूत्रांचा गाभा. महसूल आणि विक्रीकर खात्यांतील वकील अजूनही ती सूत्रे क्रमांकासह सांगतात. जम्मू-काश्मीरमधील वनसेवेच्या निवड मंडळावर एक उमेदवारच सदस्य म्हणून बसला होता. १९६९ मध्ये ती निवड न्यायालयाने रद्द केली, तेव्हा निकालपत्र न्यायमूर्ती हेगडे यांनी लिहिले. केवळ प्रशासकीय म्हटल्या जाणाऱ्या कामालाही नैसर्गिक न्यायाचे बंधन आहे, हे त्यातून पक्के झाले. खातेनिहाय निवड समित्यांत काम करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या अंगवळणी पडलेली सावधगिरी तेथून आलेली आहे.

राष्ट्रपती भवनातील पस्तीस दिवस

मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले आणि निवडणूक लढवण्यासाठी २० जुलैला त्यांनी राजीनामा दिला. दोन्ही पदे रिकामी झाली तर काय, याचे उत्तर संसदेने नुकत्याच केलेल्या कायद्यात दिले होते. त्यानुसार सरन्यायाधीश हिदायतुल्ला २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपती भवनात राहिले. त्या थोड्या दिवसांत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीला येऊन गेले आणि बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा संमतीसाठी त्यांच्यापुढे आला. ९ ऑगस्ट रोजी त्यांनी त्यावर सही केली. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे, ही घटनेची रीत त्यांनी पाळली. पुढे तोच कायदा सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा सुनावणीच्या पीठावर ते बसले नाहीत. न्यायमूर्ती शहा यांच्या पीठाने फेब्रुवारी १९७० मध्ये तो कायदा रद्द केला. एकाच कायद्याच्या संदर्भातील या दोन भूमिका पदाची मर्यादा ओळखण्याचा नमुना म्हणून लक्षात ठेवाव्यात.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी, १५ डिसेंबर १९७० रोजी, संस्थानिकांच्या तनख्याचा निकाल लागला. तनखे बंद करणारे घटनादुरुस्ती विधेयक सप्टेंबरमध्ये राज्यसभेत एका मताहूनही कमी फरकाने पडले होते. दुसऱ्याच दिवशी सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने सर्व संस्थानिकांची मान्यता काढून घेतली. लोकमत सरकारच्या बाजूने होते. संस्थानिकांविषयी कळवळा बाळगण्याचे कोणालाच कारण नव्हते. तरीही जे संसदेत साधले नाही ते एका आदेशाने साधता येणार नाही, असा कौल बहुमताने दिला आणि हिदायतुल्लांनी स्वतंत्र निकालपत्राद्वारे त्याला दुजोरा दिला. इंदिरा गांधींनी लोकसभा बरखास्त केली, १९७१ मध्ये प्रचंड बहुमत मिळवले आणि घटनादुरुस्ती करून तनखे बंद केले. न्यायालयाने आग्रह धरला होता तो मार्ग हाच होता.

जबलपूरची परीक्षा

एप्रिल १९७३ मध्ये केशवानंद भारती प्रकरणी तेरा न्यायमूर्तींनी गोलकनाथचा निकाल बाजूला सारला. परंतु संसदेला घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, असे सात विरुद्ध सहा मतांनी ठरवले. त्यातील निर्णायक मानले गेलेले मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे होते आणि त्यांनी आपल्या निकालपत्रात कॉनराड यांचा हवाला दिला. मुधोळकरांनी विचारलेल्या आणि हिदायतुल्लांनी गोलकनाथमध्ये आपल्या परीने सोडवू पाहिलेल्या प्रश्नाला असे उत्तर मिळाले.

दोनच वर्षांनी परीक्षेची वेळ आली. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली. २७ जूनचा राष्ट्रपतींचा आदेश लोहियांच्या वेळेसारखा सशर्त नव्हता. त्यातील शर्तीचे शब्दच गाळलेले होते. मिसाखालील स्थानबद्धतेची कारणे न्यायालयालाही दाखवायची नाहीत, अशी तरतूद झाली. शब्दांच्या ज्या फटीतून लोहिया सुटले होते, ती बुजवून टाकण्यात आली. तरीही जबलपूरच्या उच्च न्यायालयाने १ सप्टेंबर १९७५ रोजी बंदी प्रत्यक्षीकरणाच्या याचिका ऐकता येतील, असे ठरवले. देशातील नऊ उच्च न्यायालये याच मताची होती. त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. हिदायतुल्लांनी घडवलेली दोन्ही न्यायमंडळे, एक त्यांनी सोडलेले आणि एक त्यांनी उभारलेले, या प्रसंगी ताठ उभी राहिली, ही नोंद इतिहासात राहायला हवी.

सर्वोच्च न्यायालय मात्र वाकले. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने याचिका फेटाळल्या गेल्या. बहुमतात पुण्याचे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते; विरोधात एकटे खन्ना होते आणि पुढच्या वर्षी त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश करण्यात आले. हिदायतुल्ला तेव्हा निवृत्त होते. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने जीविताचा व वैयक्तिक स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे ठरवले. २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल रद्दबातल ठरवला, तेव्हा चौघा न्यायमूर्तींच्या वतीने निकालपत्र लिहिले ते यशवंत चंद्रचूडांच्या चिरंजीवांनी, धनंजय चंद्रचूड यांनी.

१९७९ मध्ये हिदायतुल्ला बिनविरोध उपराष्ट्रपती झाले. १९८४ पर्यंत त्यांनी राज्यसभेचे सभापतिपद सांभाळले आणि १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपती झैलसिंग उपचारांसाठी परदेशी असताना पुन्हा काही आठवडे राष्ट्रपतिपदाची कार्ये पाहिली. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. रायपूरचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ त्यांच्या नावाने चालते. नागपूरने मात्र आपल्या या कायदेशिक्षकाची आठवण म्हणावी तशी जपलेली नाही.

त्यांच्या चरित्रातून अधिकाऱ्यांनी घ्यायचे ते हेच की, घटनेची मूलभूत चौकट तेरा न्यायमूर्तींच्या पीठापुढे क्वचितच तपासली जाते. ती रोज तपासली जाते जिल्हा कचेरीतील टंकलिखित आदेशात. लोहियांना पकडणारे एक जिल्हा दंडाधिकारी होते आणि शिवकांत शुक्लांच्या प्रकरणाला ज्यांच्या पदाचे नाव मिळाले तेही एक अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारीच होते. दोघांपुढेही कागद होता, कोऱ्या जागा होत्या आणि सहीची जागा होती. पाटण्याच्या कागदावरचा शब्द न्यायालयाने वाचला, म्हणून माणूस सुटला. जबलपूरच्या कागदावरचा शब्द वाचण्यास न्यायालयाने नकार दिला आणि हजारो माणसे तुरुंगात राहिली. न्यायालय प्रत्येक वेळी वाचेलच, याची हमी इतिहास देत नाही. म्हणून सही करणाऱ्याने आधी स्वतः वाचावे, एवढे नागपूरच्या या शिक्षकाचे मागणे आहे.